वाहत्या रक्ताने घडते हृदय

परभणी जिल्ह्यात ज्यांच्या रानात जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी येते, त्यांना चारीतल्या पाण्याचा वेग पाहण्याची सोपी रीत सांगायला नको. चारीत काडी टाकायची आणि ठरावीक अंतर ती किती वेळात कापते ते पाहायचे. तो वेग, चारीची रुंदी आणि पाण्याची खोली यांचा गुणाकार केला की किती पाणी चालले आहे याचा अंदाज येतो. वरचे पाणी खालच्यापेक्षा जास्त पळते, म्हणून हिशेबात थोडी वजावटही करावी लागते.

हीच रीत शास्त्रज्ञांनी डोक्याच्या केसाहूनही बारीक असलेल्या एका चारीत वापरली आहे. ती चारी म्हणजे माशाच्या अंड्यात वाढणाऱ्या पिलाची रक्तवाहिनी!

काचेसारखे अंडे

खुडूक कोंबडीखालचे अंडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी उजेडासमोर धरले, तर आत तांबड्या शिरांचे जाळे दिसते. पण कवच आड येत असल्याने त्यापुढचे काही कळत नाही. माशाचे तसे नाही. शेततळ्यात सायप्रिनस पाळणाऱ्यांना ठाऊक आहे की, पाणवनस्पतींना चिकटलेले फळलेले अंडे स्वच्छ, आरपार दिसणारे असते आणि न फळलेले पांढरे पडते.

शास्त्रज्ञांनी या कामासाठी निवडलेला झेब्रा मासा हा सायप्रिनसच्याच कुळातला. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे असलेला हा मासा आपल्याच देशातला आहे. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात त्याची नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर हृदयाचा अभ्यास होतो.

सुमारे २८ अंश उष्णतेच्या पाण्यात या माशाचे अंडे फळल्यापासून साधारण एका दिवसात आतल्या पिलाचे हृदय धडधडू लागते. तेव्हा ते हृदय म्हणजे केवळ एक सरळ नळी असते. त्यात कप्पे नसतात, झडपाही नसतात.

रक्तपेशी हीच काडी

सूक्ष्मदर्शकाला एक वेगवान कॅमेरा जोडतात. तो सेकंदाला शेकडो चित्रे घेतो. एका चित्रात तांबडी पेशी कोठे होती आणि पुढच्या चित्रात कोठे पोचली, हे मोजले की रक्ताचा वेग कळतो. चारीतल्या काडीच्या जागी येथे रक्तपेशी आहे, एवढाच फरक.

वाहिनीच्या मध्यभागी रक्त वेगाने पळते आणि भिंतीजवळ ते रेंगाळते. भिंतीला रक्ताचे किती घर्षण बसते, हे मात्र थेट मोजता येत नाही. त्यासाठी वेग, वाहिनीचा व्यास आणि रक्ताचा दाटपणा यांवरून संगणकात हिशेबी नमुना उभा करतात. या हिशेबाचा पाया प्वाझय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास घातला. बारीक नळीचा व्यास निम्मा झाला, तर तेवढ्याच दाबाने तिच्यातून सोळाव्या हिश्श्याइतकेच पाणी जाते, असे त्याने दाखवून दिले.

प्रवाह अडवला तर?

एवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. नांगराच्या तासात पाणी सोडले की पाणी स्वतःच आपली वाट कोरते. रक्ताचेही तसेच आहे काय, हा खरा प्रश्न होता. कोंबडीच्या अंड्यात ज्या वाहिनीत रक्त जोरात वाहते ती रुंदावते आणि जिच्यात ते मंदावते ती आक्रसते, असे जर्मनीचे रिचर्ड थोमा यांनी १८९३ मध्येच लिहून ठेवले होते.

पुढे २००३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी झेब्रा माशाच्या पिलावर एक प्रयोग केला. हृदयाच्या तोंडाशी सूक्ष्म मणी बसवून त्यांनी रक्ताचा प्रवाह अडवला. हृदय धडधडत राहिले, पण नीट घडले नाही. त्याला हवा तसा वळसा पडला नाही आणि झडपाही तयार झाल्या नाहीत. काही पिलांत मणी असा ठेवला होता की प्रवाह अडणार नाही. त्यांची हृदये नीट वाढली. म्हणजे दोष मण्याचा नव्हता, प्रवाह अडण्याचा होता. हृदय रक्त ढकलते हे खरे. पण वाहते रक्तही हृदय घडवते!

हा प्रयोग माशावरच का करता आला? कारण माशाचे इवले पिलू पहिले काही दिवस कातडीतून पाण्यातला प्राणवायू घेते. त्यामुळे रक्त थांबले तरी ते लगेच मरत नाही.

आपल्या घराशी संबंध

माणसाच्या बाळाचे हृदयही आरंभी सरळ नळीच असते. गर्भधारणेनंतर सुमारे तीन आठवड्यांत ते धडधडू लागते आणि आठव्या आठवड्यापर्यंत त्याची मुख्य घडण उरकते. कित्येकदा तोवर मातेला दिवस गेल्याचेही कळलेले नसते. जगात दर हजार बाळांमागे सुमारे आठ-नऊ बाळे हृदयात काही दोष घेऊन जन्मतात.

याच पारदर्शक अंड्यांवर आता रसायनांचीही पारख होते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये ठरवून दिलेल्या चाचणीत अंडी ९६ तास रसायनाच्या पाण्यात ठेवतात आणि हृदयाची धडधड चालू आहे की थांबली, हे पाहतात.

म्हणून मूल व्हावे अशी इच्छा असलेल्या घरात आधीपासूनच काळजी घ्या. दिवस जाण्याची शक्यता असलेल्या सुनेला किंवा लेकीला फवारणीच्या कामाला पाठवू नका, औषध कालवायलाही सांगू नका. मधुमेह असेल तर तो आटोक्यात आणा. रुबेलाची लस टोचली आहे की नाही ते डॉक्टरांना विचारा. ही लस दिवस जाण्यापूर्वीच घ्यावी लागते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी घेऊ नका.

तान्ह्या बाळाला दूध पिताना धाप लागत असेल, घाम फुटत असेल, ओठ निळे पडत असतील किंवा वजन वाढत नसेल, तर दृष्ट काढत बसू नका. ताबडतोब सरकारी दवाखाना गाठा. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासते. ही तपासणी मोफत असते. पथक गावात येईल त्या दिवशी रानातले काम तासभर मागे ठेवा आणि लेकराला घेऊन जा.