इंजिनाची शक्ती वाढविणारी पेटी

डिझेल मोटारीची शक्ती वाढवून देणारी लहानशी पेटी हल्ली बाजारात सहज मिळते. ती बसविताना इंजिन उघडावे लागत नाही; त्यामुळे हा बदल निरुपद्रवी असल्याचा समज होतो. तिचे कार्य पाहिल्यास तो टिकत नाही.

आजच्या डिझेल इंजिनात कॉमन रेल नावाच्या सामाईक नळीतून सर्व इंजेक्टरांना इंधन पुरविले जाते. पूर्ण भार असताना नळीतील दाब वायुमंडलाच्या दाबाच्या १,००० पटींहून अधिक असतो. नळीवरील दाबमापक तो इंजिनाच्या संगणकास कळवितो व संगणक त्यानुसार दाबाचे नियंत्रण करतो. सदर पेटी या दोहोंमधील तारेत बसते आणि दाब प्रत्यक्षाहून कमी असल्याचे भासविते. संगणक तो वाढवितो, सिलिंडरात जादा डिझेल जाते आणि गाडीची ओढ वाढते. चढावर हा फरक चांगलाच जाणवतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु पंप, टर्बो व क्लच यांवरील ताणही तितकाच खरा असतो. डिझेलच्या मानाने हवा अपुरी पडली, की काजळी वाढते. नव्या गाड्यांच्या धुराड्यातील गाळणी त्यामुळे लवकर तुंबते.

परवानगीवाचून असा बदल करणाऱ्या मालकास मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील २०१९ च्या दुरुस्तीनुसार ६ महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गाडी विकण्यापूर्वी पेटी काढता येते. झालेली झीज मात्र राहते. जुनी डिझेल मोटार घेणाऱ्याने दाबमापकाच्या जोडणीवर छेडछाडीच्या खुणा आहेत काय, हे जाणकार मेकॅनिककडून पाहून घ्यावे.