घोडे दुसऱ्याच्या हाती सोपवताना



बैल, गाय, म्हैस यांच्या मानाने आपल्या गावात घोडी थोडी. तरीही ती आहेत. नवरदेवाच्या वरातीसाठी घोडी पाळून त्यावर संसार चालवणारी घरे आहेत. मेंढरांच्या वाड्यामागून बिऱ्हाड वाहणारी धनगरांची तट्टे आहेत. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथून हौसेने शिंगरू घेऊन येणारे शेतकरीही आहेत.

घोडे दारात आले की घर त्याच्याशी बांधले जाते. पण माणसाला कधी पंढरीची वाट धरायची असते, कधी मुलीच्या सासरी जायचे असते, कधी दवाखान्यात कुणाच्या उशाशी बसायचे असते. पेरणीच्या घाईत तर घरी असूनही हात पुरत नाहीत. मग आपण शेजाऱ्याला, भाऊबंदाला किंवा सालगड्याला म्हणतो, “दोन दिवस जरा घोड्याकडे बघा.” तो बिचारा हो म्हणतो आणि आपण निर्धास्त होतो. घात होतो तो या ‘जरा बघा’ शब्दांतच. काय बघायचे, किती द्यायचे आणि काही बिघडले तर काय करायचे, यांतले काहीच त्यात सांगितलेले नसते.

जुनी रीत

दुसऱ्यावर विसंबण्यात कमीपणा काहीच नाही. शिवाजी महाराजांच्या लष्कराची व्यवस्था सभासदाने बखरीत लिहून ठेवली आहे. दर पंचवीस घोड्यांमागे पाण्यासाठी एक पखालजी आणि नालांसाठी एक नालबंद, अशी ती वाटणी होती. घोड्यावर बसणारा एक, पाणी आणणारा दुसरा, नाल ठोकणारा तिसरा. पण प्रत्येकाचे काम ठरलेले होते.

१६७३-७४ च्या सुमारास चिपळूणच्या छावणीतल्या लष्करी कारभाऱ्यांना महाराजांनी पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले दाणावैरण आधीच बेहिशेबी उधळले, तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि तो दोष तुमच्यावर येईल, असा त्यात स्पष्ट इशारा आहे. दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत बारकाईने बजावले आहे. काम दुसऱ्यावर सोपवणे म्हणजे काय, हे या पत्रावरून शिकावे. हुकूम देऊन भागत नाही. कुठे, काय बिघडू शकते तेही सांगावे लागते.

घोडे म्हणजे बैल नव्हे

आपल्याकडे मदतीला येणारा माणूस बहुधा बैलांत वाढलेला असतो. त्याचा हात चांगला असतो, मायाही असते. पण बैलाची रीत तो घोड्याला लावतो आणि तिथे चूक होते.

बैल रवंथ करणारा. त्याच्या पोटात १०० लिटरहून अधिक माल मावतो. दोन वेळा पोटभर वैरण टाकली की तो निवांत रवंथ करत बसतो. घोड्याचे जठर अवघे ८ ते १५ लिटरचे. तो रवंथ करत नाही, आणि खाल्लेले बाधले तर त्याला ओकताही येत नाही. म्हणून त्याला थोडे थोडे, पण दिवसभर लागते. साधारण ३०० किलोच्या तट्टाला दिवसाला ५ ते ६ किलो कोरडा चारा लागतो. तो तीन-चार वेळा विभागून द्यावा, आणि रात्रीसाठी थोडा पुढ्यात ठेवावा.

बैलाला चालणारा बुरशी धरलेला, भिजलेला कडबा घोड्याला घालू नये. खरे तर तो बैलालाही घालू नये, पण घोड्याच्या पोटात त्याने लवकर शूळ उठतो. चारा बदलायचा तर ७ ते १० दिवसांत हळूहळू बदलावा. आपल्या घरचे गवत संपले म्हणून शेजाऱ्याने आपल्याकडचा हिरवा घास पेंढीभर टाकला, तर त्याचा हेतू चांगला, पण परिणाम वाईट. म्हणून जाताना पुरेल इतका चारा आपणच मोजून ठेवावा.

चंदीची गोष्ट त्याहून नाजूक. भरडा, हरभरा एका वेळेला एक-दीड किलोच्या वर नको. काम नसलेल्या घोड्याला त्याहूनही कमी. मायेपोटी दोन ओंजळी जास्त घातल्या की पोट बिघडते, खूर आतून तापतात आणि घोडे कायमचे लंगडे होऊ शकते. मापाचे भांडे वेगळे ठेवा आणि दाण्याच्या कोठीला कडी लावा. कोंबड्यांचे खाद्य घोड्याच्या जवळपासही ठेवू नका. काही कोंबडीखाद्यात आणि पशुखाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. कोंबडीला ते चालते, पण घोड्याच्या काळजावर घाला घालते.

पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यात अधिक. बादली रिकामी दिसली तर घोडे पाणी प्याले की ते सांडले, हे बघणाऱ्याने बघितले पाहिजे.

कामाबरोबर नजरही द्या

जाण्याआधी एक-दोन दिवस त्या माणसाला आपल्याबरोबर गोठ्यात उभे करा. खरारा त्याच्या हातून करवून घ्या. चारही खूर उचलून साफ करायला लावा. पायात खिळा-काच घुसली तर धनुर्वाताचे भय असते, आणि घोड्याला तो फार लवकर होतो. लस टोचून घेतली आहे ना, हे आपणच आधी पाहावे.

मग आपल्या घोड्याची नेहमीची चाल त्याला सांगा. लीद दिवसातून किती वेळा टाकते, उभ्याने डुलकी घेते की बसते, दाणा खाताना मान कशी टाकते. निरोगी घोड्याच्या अंगातला ताप ९९ ते १०१ फॅरनहाइट, आणि विसाव्याला असताना नाडी मिनिटाला २८ ते ४४. आकडे लक्षात राहिले नाहीत तरी चालेल. ‘आज हे नेहमीसारखे नाही’ एवढे ज्याला कळले, त्याने अर्धे काम केले.

पोटशुळाची खूण मात्र पाठ करून घ्या. घोडे चारा सोडते, पुढच्या पायाने जमीन उकरते, वळून वळून कुशीकडे पाहते, घामाघूम होते, बसते, लोळते, पुन्हा उठते. अशा वेळी पुढ्यातला चारा-दाणा उचलावा आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलवावे. बांबूच्या नळीने तेल-औषध ओतू नये. ते फुफ्फुसात उतरले तर घोडे त्यानेच जाते.

बोलावण्याचा अधिकार

पुष्कळ घोडी आजाराइतकीच संकोचाने दगावतात. रात्री शूळ उठतो. सांभाळणारा विचार करतो, “मालक सकाळी येतील. डॉक्टरांना बोलावले आणि उगाच खर्च झाला तर काय म्हणतील?” सकाळपर्यंत आतडे पिळलेले असते आणि कुणाच्याच हाती काही उरत नाही.

म्हणून जाताना स्पष्ट शब्दांत सांगा, “मला विचारायला थांबू नका. शंका आली तरी डॉक्टरांना बोलवा. पैसे मी देईन, आणि काही निघाले नाही तरी बोल लावणार नाही.” गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा, डॉक्टरांचा आणि तुमचा फोन नंबर गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. १९६२ हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा फुकट नंबरही त्याखाली लिहा. उचल म्हणून थोडे पैसे हातात ठेवून जा.

माणसाचाही मान राखा

काम घरधन्याने पत्करले, तरी ते पुष्कळदा त्याच्या घरातल्या बाईच्या अंगावर पडते. तेव्हा सांगायचे ते तिच्यासमोर सांगा आणि मोबदलाही तिच्या माहितीने द्या. शेजारधर्म मोठा खरा, पण फुकटच्या कामाला जाब विचारता येत नाही. पैसे नको म्हणाले तर दाणे द्या, किंवा त्यांच्या बैलांची पाळी तुम्ही घ्या. लाथा झाडणाऱ्या, चावऱ्या घोड्याची खोड लपवू नका, आणि पोरासोरांवर घोडे कधीच टाकू नका.

परत आल्यावर गोठ्यात जाऊन आधी दोष काढत बसू नका. काय काय दिसले ते विचारा, ऐकून घ्या. ज्याचे ऐकले जाते तोच पुढच्या वेळी खरे सांगतो.

भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर लहान मुलालाही ठाऊक आहे: न फिरवल्याने. तसेच हेही समजा. कायमचा गडी ठेवला असला तरी आठवड्यातून एकदा बरगड्यांवरून हात फिरवणे, खूर पाहणे आणि सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला बोलावणे मालकानेच करावे. चारापाणी दुसऱ्याच्या हातून होईल, पण आपल्या जनावराची ओळख आपल्यालाच ठेवावी लागते.