बकीच्या मेंदूत काय उरलं?

‘कॅप्टन अमेरिका: द विंटर सोल्जर’ या 2014च्या चित्रपटात बकी बार्न्सला खुर्चीत जखडतात. दातांत रबरी पट्टी देतात आणि डोक्याला विजेचे झटके. मित्राचा चेहरा पुसला जातो, बंदूक चालवणारा हात मात्र तसाच तरबेज राहतो.

हा तपशील शास्त्राला धरून आहे. घडलेल्या प्रसंगांच्या आठवणी रुजवण्याचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग करतो; हाताला बसलेली सवय मेंदूच्या दुसऱ्या भागांत मुरते. म्हणूनच स्मृती गेलेला माणूसही सायकल चालवू शकतो. झटक्यांनी सहसा ताज्या आठवणी आधी जातात, बालपणीच्या टिकतात. त्यामुळे बकीची पाटी पूर्ण कोरी होणं अवघडच.

असा अघोरी प्रयोग मात्र खरोखर झाला. मॉन्ट्रियलच्या ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. यूएन कॅमेरॉन यांनी नैराश्यासारख्या तक्रारी घेऊन आलेल्या रुग्णांना आठवडेच्या आठवडे औषधांनी झोपवलं, वारंवार झटके दिले. या कामाला काही काळ सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा पैसा होता. एका तरुण आईला घरी परतल्यावर स्वतःची मुलंही ओळखता येईनात.

आजची विद्युत-उपचार पद्धती वेगळी आहे. रुग्णाला भूल देतात, स्नायू सैल करतात. भारतात 2017च्या कायद्याने ते बंधनकारकच केलं आहे.