पाळण्यात पोट का ढवळते?

परीक्षा आटोपल्या की वस्तीवस्तीत सहलीची बोलणी सुरू होतात. महिला मंडळाच्या भगिनी दर महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकतात आणि वर्षाकाठी एक बस ठरवतात. आमच्या वस्तीतली अशीच एक बस मुलाबाळांनी भरून आम्ही एका मोठ्या मनोरंजन उद्यानात नेली. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापल्या, डबे बांधले. घाट चढताना दोन पोरांनी खिडकीतून मान बाहेर काढली, तेव्हाच आम्ही सावध व्हायला हवे होते. पण तिकिटाच्या रांगेत सगळे विसरले गेले. नोटा मोजून देताना जवळजवळ प्रत्येक आईचा हात क्षणभर थबकला, हे मात्र आम्ही पाहिले.

आत शिरल्यावर पहिल्याच गरगर फिरणाऱ्या खेळातून उतरलेली शेजारच्या ताईंची नऊ वर्षांची मुलगी पांढरीफटक पडली. कपाळावर घाम, हातपाय गार. दोन पावले टाकली नाहीत तोच भडाभडा ओकली. उरलेला दिवस तिने झाडाखाली आईच्या मांडीवर डोके ठेवून काढला. दोघींच्या तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच. पण त्याहून वाईट होती ती भोवतालची बोलणी. कोणी म्हणाले, पोरगी भित्री आहे. कोणी म्हणाले, नवा फ्रॉक घालून आली, नजर लागली. एका आजीने तर डब्यातले मीठ घेऊन तिच्यावरून उतरवलेसुद्धा. मुलगी मात्र हुंदके देत एकच गोष्ट सांगत होती, "आई, मी घाबरले नव्हते गं."

तिचे म्हणणे अगदी खरे होते. तिला नजर लागली नव्हती. दोष असलाच तर तो कानाचा होता.

कानाचे काम ऐकण्याचे, असे आपण शाळेत शिकतो. पण कानाच्या अगदी आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारे यंत्र बसवलेले आहे. त्यात अर्धगोलाकार तीन बारीक नळ्या असतात आणि त्यांत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. डोके वळले की द्रव मागे राहतो, नळीतल्या केसासारख्या पेशी वाकतात आणि मेंदूला खबर जाते की आपण वळलो. त्यांच्या शेजारीच चुन्याचे अतिशय सूक्ष्म खडे असलेल्या दोन पिशव्या असतात. आपण वर-खाली किंवा पुढे-मागे गेलो की त्या सांगतात. डोळेही आपली खबर देतात आणि पायाचे तळवे, सांधे, स्नायू हेही. चारी बाजूंची खबर जुळली तर मेंदू निश्चिंत असतो. कान म्हणतो फिरतोय आणि डोळा म्हणतो बसलोय, अशी तक्रार सुरू झाली की मेंदू गोंधळतो. मग तोंडाला पाणी सुटते, जांभया येतात, घाम फुटतो आणि शेवटी उलटी होते. आता मेंदूच्या गोंधळाने पोट का रिकामे व्हावे? काही शास्त्रज्ञांचे मत असे की विष पोटात गेल्यावरही असाच गोंधळ उडतो, म्हणून शरीर खबरदारी घेऊन पोटातले बाहेर टाकते. हे मत सर्वांनाच मान्य आहे असे नाही.

कानाचा हात यात किती मोठा आहे, याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेतील विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने 1880च्या दशकातच दाखवून दिले होते की मूकबधिर लोकांपैकी पुष्कळांना गरगर फिरवले तरी चक्कर येत नाही. ज्यांच्या आतल्या कानाचे तोल सांभाळणारे यंत्रच बंद पडले आहे, त्यांना बोट लागत नाही, बसही लागत नाही. याउलट अंध माणसाला मळमळू शकते.

आणि भित्रेपणाचे म्हणाल, तर 1961 साली रशियाचा गेरमान तितोव अवकाशात गेला. लढाऊ विमानाचा वैमानिक, निवडून निवडून घेतलेला गडी. पृथ्वीभोवती फिरताना त्यालाही मळमळले. चार्ल्स डार्विन 1831 ते 1836 अशी पाच वर्षे जहाजाने जग फिरला आणि जहाज डोलू लागले की दर वेळी आडवा होई. या दोघांना कोणी भित्रे म्हणणार असेल तर खुशाल म्हणावे!

हा त्रास सर्वांना सारखा होत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला सहसा होतच नाही. सहा ते बारा या वयात तो सर्वांत जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होत जातो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. पाळीच्या दिवसांत आणि गरोदरपणी तर जास्तच. ज्यांचे अर्धे डोके दुखते त्यांनाही सांभाळावे लागते. म्हणजे सहलीच्या बसमध्ये जी मंडळी बसलेली असतात, मुले आणि त्यांच्या आया, नेमकी तीच याच्या तावडीत सापडतात.

आता खेळांकडे वळू. जत्रेतला आकाशपाळणा आपल्या सर्वांच्या ओळखीचा. 1893 साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरने 264 फूट उंचीचा, 36 डब्यांचा पाळणा उभारला, तेव्हापासून जगभर त्याचे वेड पसरले. हा पाळणा सावकाश फिरतो, म्हणून त्यात मळमळ कमी. वर गेल्यावर पोटात गोळा येतो तो उंचीच्या भीतीने. भीती वेगळी आणि मळमळ वेगळी, हे आईबापांनी ओळखायला शिकले पाहिजे. भीती खाली उतरताच पळते. मळमळ खाली उतरल्यावरही सोबत राहते.

खरे वैरी आहेत ते गरगर फिरणारे खेळ. ब्रेक डान्स घ्या. खालची चकती फिरते आणि तिच्यावरची गाडी पुन्हा स्वतःभोवती फिरते. टोराटोराही त्याच जातीचा. एकसारखे फिरत राहिले की कानातला द्रव नळीच्या वेगाने फिरू लागतो आणि मेंदूला वाटते, आपण थांबलो. मग खेळ खरोखर थांबतो, पण द्रव काही काळ चालूच राहतो, म्हणून जग उलटे फिरताना दिसते. फिरत असताना डोके बाजूला वळवले किंवा खाली वाकवले तर फारच बिघडते, कारण एका नळीच्या जोडीला दुसरी नळीही ओरडू लागते. आमची छोटी नेमकी हेच करत होती. दर फेरीला मान वळवून कठड्यापलीकडच्या आईला हात करत होती. अशा खेळात डोके पाठीला टेकवून स्थिर धरावे, समोरच्या दांड्यावर नजर ठेवावी किंवा डोळे मिटावेत. बाहेरच्या गर्दीकडे पाहू नये. आणि आयांनी कठड्यापाशी उभे राहून "इकडे बघ, इकडे बघ" करू नये, फोटो एक वेळ नंतर काढता येईल.

मोठ्या होडीसारखा झुलणारा कोलंबस पुष्कळांना सोपा वाटतो. पण सावकाश, लांबलचक झोके हेच पोटाला सर्वांत जड जातात, बोट लागते तीही याच कारणाने. होडीच्या टोकाला झोका मोठा, मध्यभागी लहान. पोरे टोकाची जागा पकडायला धावतात. ज्याला त्रास होतो त्याला मधे बसवावे.

रोलर कोस्टरचे मात्र गणित निराळे. खोपोलीजवळ 2013 साली इमॅजिका सुरू झाले, तिथल्या नायट्रोचा सांगाडा दुरून पाहिला तरी छाती दडपते. पण असल्या गाड्यांचा खेळ दोन-तीन मिनिटांत आटोपतो आणि मळमळ साचायला वेळ लागतो. पुढच्या डब्यात बसून रुळाकडे नजर ठेवली की पुढे वळण कुठे, उतार कुठे हे डोळ्याला आधी कळते आणि कान-डोळ्याचे भांडण कमी होते. इथे डोळे मिटून बसणे तोट्याचे. याउलट पडद्यावर चित्र धावते आणि खुर्ची जेमतेम हलते अशा खेळात डोळा फसवतो. तिथे डोळे मिटले की लगेच आराम पडतो. एवढा सोपा उपाय आहे, पण तिकीट काढलेय म्हणून कोणी मिटत नाही.

खाण्याबद्दल दोन टोकाचे लोक भेटतात. एक म्हणतात, उपाशी न्यावे म्हणजे ओकायला काही राहणार नाही. दुसरे दारातच वडापाव आणि वर थंड बाटली पाजतात. दोन्ही चूक. रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि तेलकट, तुडुंब भरल्या पोटीही वाढते. निघण्यापूर्वी भाकरी किंवा पोळी बेताने खावी. दिवसभर कुरमुरे, चणे, केळे, बिस्किट असे थोडे थोडे द्यावे. पोटभर जेवण झाले तर तासभर गरगरणाऱ्या खेळांकडे फिरकू नये. मे महिन्याच्या उन्हात पाणी कमी पडले तरी चक्कर येते, तेव्हा पाण्याची बाटली जवळ हवी.

घरगुती उपायांपैकी आल्याचा तुकडा चघळणे हा बऱ्यापैकी. अनेकांना त्याने बरे वाटते आणि नुकसान काही नाही. लिंबू हुंगल्याने डिझेलचा वास तरी दबतो. एस.टी.त वर्तमानपत्रावर बसले की उलटी होत नाही अशीही एक समजूत आहे. त्याला आधार काही नाही, पण आमच्या अंकावर कोणी बसणारच असेल तर आधी तो वाचून घ्यावा, एवढीच विनंती. संथ श्वास घेण्याचा उपाय मात्र खरा उपयोगी आहे. मनात चार अंक मोजत श्वास घ्यावा, चार अंक मोजत सोडावा. मुलांना हे घरीच शिकवून ठेवावे.

गोळ्यांची कथा मोठी गमतीची आहे. 1947 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला नवे औषध देऊन पाहत होते. ती बाई डॉक्टरांना म्हणाली, पित्ताचे ठीक आहे, पण ट्राममध्ये मला नेहमी मळमळायचे ते थांबले! डॉक्टरांनी त्याच वर्षी सैनिकांच्या जहाजावर ते औषध देऊन पाहिले आणि ते खरेच गुणकारी निघाले. आपल्याकडच्या दुकानात मिळणारी अॅव्होमिनही तशाच, अॅलर्जीवरच्या औषधांच्या कुळातली. पण मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेणे म्हणजे पूर आल्यावर बांध घालणे. ती निघण्यापूर्वी घ्यावी लागते. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये आणि दारूबरोबर तर मुळीच नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला ती कदापि देऊ नये. मोठ्या मुलांना आणि गरोदर भगिनींना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये, अर्धी गोळी पाव गोळी असा अंदाज करू नये.

गरोदर बाई, हृदयविकार, वाढलेला रक्तदाब, मणक्याचे दुखणे किंवा फिट येण्याचा आजार असलेले यांनी जोराच्या खेळात बसूच नये. फाटकावर तशी पाटी असते, ती वाचावी, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी.

एवढे करूनही मूल पांढरे पडलेच तर त्याला सावलीत आडवे करावे, डोके हलू देऊ नये, डोळे मिटायला सांगावे. उलटी झाल्यावर लगेच घटाघटा पाणी पाजू नये, घोट घोट द्यावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे पाणी उत्तम. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ त्याहून जास्त टाकू नये. मूल हसू-बोलू लागले म्हणून लगेच दुसऱ्या खेळात बसवू नये, कारण कानाची कुरकुर काही तास राहते. डोक्याला मार लागला असेल, शुद्ध गेली असेल, डोके फार दुखत असेल किंवा उलटी थांबतच नसेल, तर तो हा साधा त्रास नव्हे. सरळ प्रथमोपचार केंद्र गाठावे.

आणि बस. खेळांना आपण दोष देतो, पण निम्मी मुले दारात पोचतात तीच अर्धमेली होऊन. ज्याला लागते त्याला पुढच्या बाकावर बसवावे, खिडकी उघडी ठेवावी, नजर दूर रस्त्यावर. हातात मोबाईल किंवा पुस्तक नको. आडव्या बाकाच्या जीपगाड्या घाटात सर्वांत वाईट. पोचल्यावर अर्धा तास नुसते चालू द्यावे, मग लहान खेळापासून सुरुवात करावी. सरावाने हा त्रास कमी होतो. बोटीवरच्या खलाशांनाही दोन-तीन दिवसांत सवय होते.

आमच्या त्या छोटीने वर्षभर मैदानातल्या झोक्यावर सराव केला. रोज थोडा थोडा, मळमळायला लागले की थांबायचे. पुढच्या सहलीत ब्रेक डान्ससमोर मैत्रिणींनी ओढाओढ केली, तेव्हा तिच्या आईने स्पष्ट सांगितले, "तिला नको असेल तर नको." रोलर कोस्टरला मात्र ती पहिल्या डब्यात बसली आणि ताईही शेजारी बसल्या, आयुष्यात पहिल्यांदा. पिशव्या सांभाळायला या वेळी बाबा होते. परतीच्या घाटात उलटी झाली ती त्यांनाच, कारण मागच्या बाकावर बसून ते मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत होते.