वाचाघात आणि विषण्णतेवरील उपचार

पक्षाघाताच्या झटक्यातून वाचलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश रुग्णांना पुढे विषण्णता ग्रासते. जवळपास तेवढ्याच रुग्णांची वाणी ह्या झटक्यात कमीअधिक बाधित होते. ह्या विकारास वाचाघात म्हणतात. हे दोन्ही विकार एकाच रुग्णाच्या वाट्यास आले, म्हणजे मानसोपचारापुढे मूलभूत अडचण उभी राहते. मानसोपचार हा बहुतांशी संभाषणाचा व्यवहार आहे. रुग्णाने मनातले सांगावे आणि उपचारकाने त्याच्या विचारांतील अवाजवी निष्कर्ष त्याच्याच नजरेस आणून द्यावेत, अशी त्याची एक रूढ रीत आहे. शब्दच हिरावले गेलेल्याने सांगावे तरी कसे?

अडचण निदानापासूनच सुरू होते. ‘उदास वाटते का?’ असे विचारले असता वाचाघाताचा रुग्ण ‘नाही’ म्हणावयाच्या जागी ‘हो’ म्हणून जातो. कधी प्रश्नच त्याला उमगत नाही. पक्षाघातोत्तर विषण्णतेवरील अनेक संशोधनांतून अशा रुग्णांना आरंभीच वगळले गेले. ज्यांना व्यथा सांगता येत नाही त्यांची व्यथा मोजलीही जाऊ नये, हे शास्त्राला भूषणावह नव्हे.

ह्या कोंडीतून वाट काढण्याचा उल्लेखनीय प्रयत्न इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे झाला. १९९८ मध्ये सटक्लिफ व लिंकन ह्यांनी खास वाचाघातग्रस्तांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिची उत्तरे रुग्ण देत नाही, त्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती देते : तो रडतो काय, नजर चुकवितो काय, रात्री तळमळतो काय, नुसता बसून राहतो काय. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर प्रथमपुरुषी निवेदनाची जागा येथे तृतीयपुरुषी निरीक्षणाने घेतली आहे. ह्या बदलात धोकाही आहे. पक्षाघातानंतर काही रुग्णांचे रडणे वा हसणे मेंदूच्या इजेमुळेच अनावर होते. तेव्हा प्रत्येक अश्रू दुःखाचाच असेल असे नाही. शिवाय शिणलेल्या शुश्रूषकाची दृष्टी सर्वस्वी तटस्थ कशी असणार?

उपचारांतही असेच स्थित्यंतर घडले. पक्षाघातानंतर विषण्ण झालेल्या १२३ रुग्णांवरील लिंकन व फ्लॅनॅगन ह्यांच्या २००३ मधील प्रयोगात विचारपरिवर्तनावर भर देणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराचा लक्षणीय लाभ दिसला नाही. त्यानंतर थॉमस आदींनी वाचाघात असलेल्या व खिन्न दिसणाऱ्या १०५ रुग्णांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ह्या वेळी भर विचारांवर नव्हता, कृतीवर होता. रुग्णाला पूर्वी काय आवडे ते चित्रांच्या आधारे शोधावयाचे, दिवसाच्या वेळापत्रकात त्यास स्थान द्यावयाचे, अवघड काम लहान टप्प्यांत विभागावयाचे. सहा महिन्यांनंतर ह्या गटाची मनःस्थिती नेहमीचीच शुश्रूषा मिळालेल्या गटाहून चांगली आढळली.

मात्र हे मोजमापही घरच्यांनी भरलेल्या त्याच प्रश्नावलीचे होते, आणि रुग्णावर उपचार चालू असल्याचे घरच्यांपासून लपविता येत नाही. म्हणून ह्या निष्कर्षास आशादायक म्हणता येईल, निर्णायक नव्हे.