काळा म्हणजे काळाच!

१८ डॉलर ६५ सेंट. वीकेंडला दोघांनी मल्टिप्लेक्समध्ये पिक्चर टाकला, वर पॉपकॉर्न घेतलं, की एवढे पैसे कधी उडतात कळतही नाही. पण केरी जेम्स मार्शल या बड्या चित्रकाराने वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमधल्या खिडक्या डिझाइन करायची फी घेतली ती एवढीच! आकडा उगाच नाही निवडलेला. १८६५ हे अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपल्याचं वर्ष. तिथे पूर्वी गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतींच्या काचा होत्या. त्या २०१७ मध्ये उतरवल्या आणि २०२३ मध्ये मार्शलच्या आल्या. त्यांत हातात फलक घेऊन चालणारी कृष्णवर्णीय माणसं आहेत.

कोण हा मार्शल? जन्म १९५५, अलाबामातलं बर्मिंगहॅम. १९६३ मध्ये घरच्यांनी लॉस एंजेलिस गाठलं, वॉट्स भागात बिऱ्हाड केलं. दोनच वर्षांत तिथे दंगल पेटली. वर्णभेद त्याला पुस्तकात वाचावा लागला नाही, तो दारातच उभा होता.

पोरगा म्युझियममध्ये जायचा, भान हरपून चित्रं बघायचा. पण भिंतीवर आपल्यासारखं दिसणारं कुणीच नाही! मग भेटले चार्ल्स व्हाइट. स्वतः कृष्णवर्णीय, आयुष्यभर आपल्याच माणसांची चित्रं काढलेले आणि ओटिस आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे. आपल्यातला माणूसही चित्रकार होऊ शकतो, हे मार्शलला समोरच दिसलं. १९७८ मध्ये त्याने तिथूनच पदवी घेतली.

१९८० मध्ये त्याने वहीच्या पानाएवढं एक सेल्फ पोर्ट्रेट केलं. काळ्या पार्श्वभूमीवर काळाच चेहरा. दिसतात फक्त डोळे आणि फटीचे दात. समोर असून न दिसणारा माणूस! तेव्हापासून त्याची माणसं काळी म्हणजे काळीच, तपकिरी नाहीत. पण त्या काळ्याचेही प्रकार आहेत बरं का. आयव्हरी, कार्बन आणि मार्स असे तीन काळे घ्यायचे, त्यांत कधी निळा, कधी हिरवा, कधी जांभळा मिसळायचा. जवळ जाऊन बघा, काळ्यातच उजेड दिसतो.

आणि विषय? केशकर्तनालय, ब्युटी पार्लर, पिकनिक. रोजचंच जगणं, पण राजेमहाराजांच्या चित्रांएवढ्या भल्यामोठ्या आकारात. अन्यायाच्या बातम्यांत दिसणारी माणसं इथे निवांत बसलेली असतात. निवांतपणाचीही आठवण जपावी लागते, नाही का?

गुरूकडून घेतलेलं पुढे द्यायलाही तो विसरला नाही. १९९३ ते २००६ त्याने शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात चित्रकला शिकवली.

आता पैशांची गोष्ट. १९९७ मध्ये २५ हजार डॉलरला विकलं गेलेलं त्याचं ‘पास्ट टाइम्स’ २०१८ च्या लिलावात २ कोटी ११ लाख डॉलरवर गेलं! झालं, शिकागो शहराचेही डोळे चमकले. १९९५ मध्ये मार्शलने अवघ्या १० हजार डॉलरमध्ये तिथल्या लेग्लर लायब्ररीसाठी ‘नॉलेज अँड वंडर’ केलं होतं. पुस्तकांच्या अजस्र जगाकडे डोळे विस्फारून बघणारी कृष्णवर्णीय मुलं. तेच चित्र शहराने लिलावात काढलं. अपेक्षा १ ते दीड कोटी डॉलरची. त्या पैशातून लायब्ररीच सुधारायची, असा हिशेब.

हिशेब तसा चुकीचा नव्हता. पण ज्या मुलांसाठी चित्र काढलं, त्यांनी ते बघायचं कुठे? कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात? मार्शलने जाहीर नाराजी व्यक्त केली, टीका वाढली आणि महिन्याभरातच महापौरांनी लिलाव रद्द केला.

याच शहरासाठी त्याने २०१७ मध्ये कल्चरल सेंटरच्या भिंतीवरचं भलंमोठं म्युरल डिझाइन केलं होतं. त्याची फी? फक्त एक डॉलर!

त्याच्या चित्रांना कोट्यवधी मोजणारे खूप भेटले. पण म्युझियममध्ये स्वतःचा चेहरा शोधणाऱ्या त्या पोराला हवी होती ती फक्त भिंतीवरची जागा. ती त्याने स्वतः मिळवली, आणि मागून येणाऱ्या पोरांसाठी राखूनही ठेवली.