टाकाऊतून टिकाऊ, तेही अंतराळात!

रॉकेट उडताना तुम्ही काय बघता? काउंटडाऊन, आग, धूर. रील तेवढ्याचंच बनतं. पण उपग्रहाला कक्षेत नेऊन सोडतो तो रॉकेटचा सगळ्यात वरचा टप्पा, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षच नसतं!

‘पीएसएलव्ही’चंच बघा. खालचे तीन टप्पे काम संपलं की गळून पडतात. चौथा मात्र उपग्रहासोबत वर जातो. त्याची दोन छोटी इंजिनं बंद करून पुन्हा सुरू करता येतात, त्यामुळे हव्या त्या उंचीवर, हव्या त्या वेगाने उपग्रह सोडता येतो. वेग किती? सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर.

मग त्या टप्प्याचं काय होतं? पूर्वी काहीच नाही, भंगार म्हणून फिरत राहायचा. त्यात टाकीत इंधन उरलं असेल तर पंचाईतच. डिसेंबर २००१ मध्ये पीएसएलव्ही-सी३ चा वरचा टप्पा कक्षेतच फुटला आणि त्याचे ३०० हून जास्त तुकडे झाले. त्या वेगात छोटासा तुकडाही चालू उपग्रहाचा निकाल लावू शकतो. त्यानंतर ‘इस्रो’ने काम झाल्यावर उरलेलं इंधन बाहेर सोडायला सुरुवात केली.

पण खरी भन्नाट आयडिया म्हणजे ‘पोएम’. कवितेशी संबंध नाही हं! जून २०२२ पासून इस्रो याच चौथ्या टप्प्याची प्रयोगशाळा करतेय. टाकीभोवती सोलर पॅनल, सोबत बॅटरी आणि टप्पा भरकटू नये म्हणून यंत्रणा. स्वतःचा उपग्रह बनवायचा तर हे सगळं तुम्हालाच उभं करावं लागतं. इथे ते आयतं मिळतं, तुम्ही फक्त प्रयोगाची पेटी द्यायची.

‘पोएम-३’वर तिरुवनंतपुरमच्या एका महिला इंजिनीअरिंग कॉलेजमधल्या मुलींनी बनवलेलं, अतिनील किरणं मोजणारं ‘वीसॅट’ होतं. ३० डिसेंबर २०२४ ला गेलेल्या ‘पोएम-४’वर तर २४ प्रयोग. त्यात इस्रोने पाठवलेल्या चवळीच्या बिया चार दिवसांत रुजल्या. आपल्या मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशी पाठवल्या होत्या. म्हणजे बॉटनीवाल्यांनाही इथे जागा आहे, फक्त मेकॅनिकलवाल्यांनी भाव खायचं कारण नाही.

आणि कचऱ्याचं? उपग्रह सोडून झाल्यावर ‘पोएम-४’ला ३५० किलोमीटरच्या कक्षेत खाली आणलं, म्हणजे ते लवकर पडावं. ४ एप्रिल २०२५ ला ते वातावरणात शिरलं आणि हिंदी महासागरावर संपलं.

खासगी कंपन्या आणि कॉलेजांसाठी हा रस्ता ‘इन-स्पेस’ या सरकारी संस्थेमार्फत जातो. फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय अजून ठरला नसेल, तर एचओडींच्या केबिनमध्ये एक चक्कर मारून या.